ज्याचा त्याचा कौल

१९ ऑक्टोबर १९८३

दादा,

तू गावात येणार आहेस हे मला बाबलीकडून कळलं. सख्ख्या भावाच्या येण्याची बातमी मला खाणीच्या कंत्राटदाराने द्यावी, आणि तीही आपल्याच खळ्यात जीप उभी करून, आतून न उतरता. माझ्या रागाची सुरुवात इथूनच आहे. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

बाबली म्हणाला, कंपनीला आता डोंगराचा पाय हवा आहे. वरचा डोंगर संपला. तो कसा संपला ते फोंड्याला कंपनीच्या कचेरीत बसून तुला दिसत नसेल, पण कागदावर तरी दिसत असेलच. उरलाय तो खालचा उतार, झरीपासून जुन्या देवळाच्या तळच्या पायऱ्यांपर्यंतचा. पैसे आहेत, यंत्रं आहेत, सरकारचा परवाना आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की गावातले ड्रायव्हर सातेरीच्या शब्दाशिवाय तिथे यंत्र लावायला तयार नाहीत. तेवढी भीती अजून शिल्लक आहे. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा आणि कौल घ्यायचा मान आपल्या घराचा, आणि घरात तो थोरल्याचा. म्हणजे तुझा. म्हणून तुझी आठवण झाली. कंपनीला झाली आणि कंपनीमुळे तुला गावाची झाली.

आईच्या वर्षश्राद्धाला तुला रजा मिळाली नव्हती.

मी बाबलीला म्हटलं, "देवीला विचारायचं तर आधी गावाला तरी विचार." तो हसला. म्हणाला, "सगुणभाव, ह्या नुसता रीत म्हणान विचारूचा. उत्तर म्हायती आसा. देवीन मागच्या खेपेक व्हय म्हटल्यान ना? मगे झाला तर!"

सुमंगला आत पेज गाळत होती. ती तशीच खिडकीकडे आली. "तुझ्या बायलेन लग्नाक व्हय म्हटल्यान, बाबली. म्हणान आता सगळ्याकच व्हय म्हणता काय ती?"

"वयनी, ती माझा नाव आयकल्यार सुद्धा न्हय म्हणता," बाबली म्हणाला, आणि दोघंही हसली. मला हसू आलं नाही. हल्ली येत नाही.

तो गेल्यावर नारायण आला. त्याचं शेत झरीच्या बरोबर खाली, हे तू विसरला नसशील. भातकापणी झाली की त्याच झरीच्या पाण्यावर त्याचं आणि खालच्या सगळ्यांचं वायंगण, वर्षाचं दुसरं भात, होतं. आता त्या शेतांना दुसरं पाणी नाही. विहिरी खाणीच्या खड्ड्याने ओढून घेतल्या, खड्ड्यातलं पाणी पंपाने ओहोळात सोडतात आणि ओहोळ गेरूसारखा लाल होऊन वाहतो. एक झर तेवढी राहिली आहे. नारायण पायरीवर बसला, पान खाल्लं नाही, तंबाखू मळली नाही. म्हणाला, "सगुणा, वायंगण पेरू काय नको, इतकाच सांग."

मी काय सांगणार? मी म्हटलं, दादा येतोय, त्याला विचारू.

तेव्हा ये. पण देवळात जाण्याआधी घरी ये. चहा घे आणि देवीला काय विचारणार आहेस ते मला शब्द न् शब्द सांग. मागच्या खेपेला मी तुला हे विचारलं नव्हतं.

सगुण

८ नोव्हेंबर १९८३

दादा,

उत्तर नाही. दिवाळी झाली. सुमंगलेने पोहे केले, तुझ्या वाटणीचे दरवर्षीसारखे वेगळे काढले आणि दरवर्षीसारखे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या पोराला दिले.

मागे तू एकदा लिहिलं होतंस की मी जुनं उगाळतो. उगाळतो. इथे जुनं सोडून उगाळायला काही राहिलंच नाही. तुला पंधरा वर्षांपूर्वीचा दिवस आठवतो तसा मला आठवत नाही असं दिसतं, म्हणून मला आठवतो तसा लिहितो. कुठे चुकलो तर खोडून पाठव.

पोर्तुगीज होते तेव्हाही खाण होतीच. पण ती डोंगराला खरचटल्यासारखी होती. पहारी आणि पाट्या. सत्यवतीकाकी तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन लोखंडाची माती वाहायची, आणि संध्याकाळी आपल्या ओहोळात पाय धुवायची तेव्हा तेवढंच वीतभर पाणी लाल व्हायचं. गोवा मुक्त झाला आणि आपण सगळे देवळात नाचलो. मी, लग्न झालेला बाप्या, देवळाच्या अग्रशाळेतल्या शाळेत नव्यानेच शिकवायला लागलेल्या मास्तरांच्या मागे झेंडा घेऊन चाललो होतो. त्यानंतर चार-पाच वर्षांत यंत्रं आली. आपले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. यंत्र एका दिवसात एवढं खायचं की सत्यवतीकाकी म्हणाली, "माझो जल्म गेलो तितकी माती ह्या सकाळच्या न्हेरेक खाता."

मग यंत्र देवळापर्यंत आलं.

आपली सातेरी मूर्तीची नाही, वारुळाची. फोंड्याला तुझ्याभोवती दगडी, चांदीचे, मोठ्या उत्सवांचे देव आहेत, म्हणून आठवण करून देतो. आपली देवी मातीची होती आणि वाढत होती. पावसाळा सरला की तिच्या अंगावर नवी ओली माती दिसायची आणि बायका म्हणायच्या, आई बाळसं धरतेय. आज्याच्या वेळी ती छपराला लागली, तर आज्याने तिला छाटलं नाही, छप्पर वर घेतलं. अशा देवीला इथून उठवून तिथे बसवता येतं हे कुणाच्या डोक्यात यायला नको होतं. कंपनीच्या आलं. कंपनीला माती उचलून दुसरीकडे टाकायची सवय आहे, त्यांचं समजू शकतो. पण पाटी धरली ती तू.

नवं देऊळ रस्त्याला लागून, गुळगुळीत फरशी, चुन्याच्या भिंती, दाराला लोखंडी जाळी. तू कोरं धोतर नेसला होतास. देवीची माती पाटीत भरलीस. वाळवी तुझ्या मनगटावर चढली ती तू उपरण्याने झटकलीस. ती माती नव्या चौथऱ्यावर थापली, वर चांदीचा मुखवटा बसवला. आणि गाऱ्हाणं घातलंस. मला ते पाठ आहे. आपल्या बाबांसारखाच तुझा आवाज होता, म्हणून जास्त.

"बा देवी सातेरी माये, आज तुझी लेकरा तुझ्या नव्या घरात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"तेंच्या गुराढोरांक, पोराटोरांक सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या हाताक कामधंदो दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी त्या कामाच्या वाटेत जो डोंगर आड येता, तो तुझो डोंगर लेकरांच्या पोटासाठी मोकळो करून दी..."

"व्हय म्हाराजा!"

आवाज जरासुद्धा कमी झाला नाही, दादा. गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचं ही सवय आपल्याला दात येण्याआधी लागते. वाक्य ऐकायचं नसतं, वाक्य संपलं की ओरडायचं असतं. तू ते जाणून होतास. चार वाक्यांच्या रांगेत तू डोंगर बसवलास आणि रांग हलली नाही.

मग मुखवट्यावर ओल्या पाकळ्या लावल्यास आणि कौल घेतलास. डोंगराचा घेतला नाहीस. विचारलंस, "नव्या घरात तुका बरा वाटता मगे?" उजवी पाकळी पडली, म्हणजे व्हय. नव्या घरात पाहुण्याला विचारलं तर पाहुणा आणखी काय सांगेल? लोक बाहेर आले आणि म्हणाले, देवीने डोंगर दिला. तू त्यांना दुरुस्त केलं नाहीस. पुढच्या महिन्यात तुला फोंड्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली. दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही. तो गावाने लावला आणि तुझं कौतुक केलं, अनंताने बरोबर साधलं म्हणून.

आई नव्या देवळाची पायरी चढली नाही. रोज सकाळी मागच्या दारी उभी राहून जिथे देऊळ होतं तिकडे हात जोडायची. पुढे पुढे तिथे डोंगर नव्हता, मोकळी हवा होती. खाली खड्डा आणि वर हवा. ती हवेला हात जोडायची. शेजारी म्हणायचे, म्हातारीला दिसत नाही. तिला सगळ्यांत जास्त दिसत होतं.

त्या नव्या देवळात इतक्या वर्षांत एकदाही ओली माती दिसली नाही. मुखवटा उचलून मी दर पावसाळ्यानंतर बघतो. तुझ्या बोटांचे ठसे आहेत तसे आहेत. पूजा मी रोज करतो, कारण दिवा लावणारं कुणी हवं. मी तिच्याशी बोलतो. ती तिथे आहे की नाही हे मी विचारत नाही, कारण ते विचारायचा मानही तुझाच आहे.

कधी येतोस?

सगुण

२९ नोव्हेंबर १९८३

दादा,

आला नाहीसच. आला तो पुन्हा बाबली. या वेळी जीपमधून उतरला आणि पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत कोरं उपरणं. निरोप असा, की तुझे गुडघे दुखतात, तुला प्रवास झेपत नाही, तेव्हा मी तुझ्या वतीने कौल घ्यावा. आणि शेवटी, बाबलीने घसा साफ करून सांगितलं ते, "मागच्या खेपेसारखाच विचारूक सांगल्यान."

मागच्या खेपेसारखंच!

फोंडा ते आपलं गाव केवढंसं अंतर? तुझ्याच कंपनीचे ट्रक दिवसभर जातात-येतात. पणजीच्या बाजूला परदेशी पाहुणे यायचे म्हणून रस्ते आरशासारखे केलेत म्हणतात. आमचा रस्ता ट्रकांनी खाल्ला हे खरं, पण दुखणाऱ्या गुडघ्याच्या माणसाला जीपमध्ये बसवून आणायला बाबली आनंदाने तयार होता. मीच त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी पण म्हटलंय, चल. पण तो म्हणता, सगुणाच्या समोर बसूचा म्हणजे गुडघ्यापेक्षा वायट दुखता." बाबली निदान खोटं बोलत नाही. त्याला ट्रक चालवायचे आहेत, ते तो सांगतो.

मी उपरणं ओसरीवर टाकलं. ते अजून तिथेच आहे. मांजर त्यावर झोपते.

आता विठूचं. तुझ्या पुतण्याला तू खाणीवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलंस, त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत आणि मानणार नाही. पण तो कमावतो. त्याचं लग्न ठरतंय, मुलगी मये गावची आहे, सुमंगलेच्या माहेरच्या नात्यातली. वरचा डोंगर संपल्यामुळे त्याला कधी बोलावतात, कधी नाही. पाय खणायला लागले तर रोजचं काम. रात्री जेवताना मी झरीबद्दल बोलत होतो. तो ताटात बघून ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, तुमचा पोट रागान भरता. आमचा ट्रकान भरूचा लागता."

सुमंगला म्हणाली, "विठू!"

"कित्याक गे आई? खोटा सांगतंय काय?"

खोटं नव्हतं. मी उठून हात धुतले. बाहेर येऊन बसलो आणि बराच वेळ तुला मनात शिव्या दिल्या, पोराला देता येत नव्हत्या म्हणून.

गावाची बैठक झाली. येत्या बारा तारखेला, सोमवारी, कौल घ्यायचा ठरला. थोरल्याने सांगितलंय तेव्हा धाकट्याने विचारलं तर रीत मोडत नाही, असं सगळ्यांनी मान डोलावून ठरवलं. सगळेच किती गोड बोलत होते! "सगुणा, तूच विचार." "तुझो आवाज बापाशीसारखो." सत्यवतीकाकी तेवढी बोलली, "आनी ती न्हय म्हणाली तर?" सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की देवी न्हय म्हणू शकते हे त्यांना नव्यानेच कळलं.

दादा, त्या क्षणी माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती मला अजून सोडत नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तू गावाला फसवलंस. कुणी फसलं नव्हतं. सगळ्यांना कान होते. तू डोंगराचं नाव घेतलंस ते सगळ्यांनी ऐकलं. त्यांना हवं ते तू त्यांच्या तोंडून न काढता देवीच्या तोंडून काढून दिलंस, म्हणून तू त्यांचा लाडका. दारात पोलीस आला की मोठमोठे बाप्ये घरातल्या म्हाताऱ्या आईला पुढे करतात आणि स्वतः खांबाआड उभे राहतात, तसं आपण सातेरीला पुढे केलं. आणि ती बिचारी मातीची. ती काय बोलणार?

मी विचारणार आहे. पण मागच्यासारखं नाही, हे तुला आधी कळवतो. मागाहून म्हणू नकोस की सगुणने पाठीमागे केलं.

सगुण

१३ डिसेंबर १९८३

दादा,

काल काय झालं ते तुझ्या कानावर बाबलीने घातलं असेल. त्याचं तो सांगेल. हे माझं.

देऊळ भरलं होतं. बाहेरही माणसं. खाणीवरचा मुकादम रस्त्यापलीकडे उभा होता, आत आला नाही. मी जुनंच उपरणं घेतलं. पूजा केली, दिवा लावला, हातात तांब्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या घेतल्या. लोकांनी हात जोडले. पाय सरळ केले, घसे साफ केले. ओरडायची तयारी.

मी सुरुवात केली. "बा देवी सातेरी माये, तुझी लेकरा तुझ्यासमोर उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका काय होया ता तेंकाच ठावूक आसा..."

"व्हय म्हाराजा!" आणि मग मागे कुणीतरी हसलं. एक-दोघांनी वळून पाहिलं.

मी पाकळ्या परत तबकात ठेवल्या. देवीकडे पाठ करू नये म्हणतात. मी केली. म्हटलं, "आज देवीक काय विचारूचा नाय. मी तुमकां विचारतंय. गाऱ्हाण्यात घरांची नावा घेतात त्याच क्रमान एकेका घराचा नाव घेतंय. ज्याचा नाव येतला तेणा एकट्यान सांगूचा, डोंगराचो पाय खणूक होयो काय नको. म्हाराजा म्हणूचा नाय. नुसता व्हय नाय तर न्हय."

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! नारायणच पहिल्यांदा ओरडला, ज्याचं शेत जाणार आहे तोच. "ह्या रितीत बसणा नाय, सगुणा! देवीच्या दारात आमी कोण सांगणारे?"

मी म्हटलं, "नारायणा, सुकतला ता शेत देवीचा काय तुझा?"

"माझा."

"मगे तूच सांग."

बाबली पुढे आला. तापला होता. "सगुणभाव, तुका कौल घेवक सांगला, पंचायत घेवक नाय! लोक काम सोडून इले आसत."

"तुझ्या घराचा नाव चवथा येता. तवसर उभो रव."

कुणी जाईल असं वाटलं होतं. कुणी गेलं नाही. पहिला जो जाईल त्याचं उत्तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून असेल.

मी नावं घेतली. पहिल्या घराच्या दत्तारामाने इकडे तिकडे पाहिलं आणि इतक्या हळू व्हय म्हटलं की मला पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचे डोळे नारायणावर गेले. दोघांच्या शेतांची मेर, मधला बांध, एक आहे. काही म्हणाले, "सगळ्यांचा जा काय आसात ता." मी म्हटलं, "सगळे कोण? तुझा सांग." बाबलीने मात्र मान वर करून सांगितलं, "व्हय. माझे ट्रक आसत, हप्ते आसत. खणूक होयो." त्याचा मला राग आला नाही हे लिहितो, कारण खरं आहे. सत्यवतीकाकी उभी राहिली. तिचं घर म्हणजे ती एकटी. "मी पाटयेन ह्यो डोंगर व्हायलंय," ती म्हणाली, "आता पाटी खाली दवरतंय. न्हय." नारायणाचं नाव आलं तेव्हा तो रडत होता. रडतच न्हय म्हणाला, आणि त्याचा मोठा भाऊ, वेगळ्या चुलीचा पण त्याच्या शेजारी बसलेला, आपल्या नावाला व्हय म्हणाला.

देऊळ इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. शिमग्यात नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. एवढी वर्षं सगळ्यांची तोंडं देवीकडे होती ना, त्यामुळे ती नवीन असल्यासारखी बघत होती.

रितीप्रमाणे आपलं घर शेवटी. मी तुझं नाव घेतलं. थोरला तू. "अनंत." थांबलो. तू नाहीस हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग मी माझं नाव घेतलं आणि न्हय म्हटलं. मग विठू उभा राहिला. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. घरात दोघे थोरले असताना त्याला बोलायचा मान नाही. पण तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघून, जमिनीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, माका ट्रक चलवूक येता. मेर घालूक येणा नाय. कोणी शिकवल्यान नाय. मी व्हय म्हणतंय."

सुमंगला बायकांत बसली होती. तिने तोंडाला पदर लावला.

व्हय जास्त झाले, दादा. पुष्कळ जास्त. मी मोजणार नव्हतो पण ते मोजल्याशिवाय दिसत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रसाद घ्यायला अर्धे लोक थांबले नाहीत. बाबली शेवटपर्यंत रेंगाळला. सगळे गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सगुणभाव, व्हय तर व्हय झाला. आता एक पाकळी लाव रे. नुसती रीत म्हणान. पोरां भितत." मी म्हटलं, "भिऊंदेत." तो म्हणाला, "तुका काय मेळला ह्या करून? डोंगर तर जातलोच." मी म्हटलं, "जाऊ दे. पण तो तुम्ही खणलात. तिने नाही दिला."

तो तबकातल्या पाकळ्यांकडे बघून म्हणाला, "आता माका नारायणाच्या दारासमोरसून ट्रक न्हेवचे लागतले." जणू रस्ता आधी दुसरीकडून जात होता.

घरी आलो. विठू आधीच आला होता. जेवायला बसला नव्हता, माझी वाट बघत होता. आम्ही शेजारी बसून जेवलो. मला वाटलं होतं त्याच्यावर मी आयुष्यभर रागावेन. नाही आला राग. दुःख आलं, ते वेगळं. पोराने माझ्या विरुद्ध, माझ्या तोंडावर, सगळ्या गावासमोर उभं राहून सांगितलं. खाणीने त्याला बिघडवलं असेल, पण हे त्याने खाणीकडून घेतलं नाही. तुझ्याकडून तर नाहीच.

संक्रांतीनंतर काम सुरू होईल असं बाबली म्हणतो. नारायणाने काल संध्याकाळी वायंगणाची मेर बांधायला घेतली. मी त्याला म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "झर आसा तवसर पाणी येतला. दुसरा काय करू?" आज सकाळी मी फावडं घेऊन गेलो. शेजारच्या शेतात दत्तारामही होता, काल व्हय म्हणालेला. तो आमच्याकडे न बघता स्वतःची मेर घालत होता.

आता तुझं. घराचं उत्तर राहिलंय. मी न्हय म्हटलं ते धाकट्याचं. विठूने व्हय म्हटलं त्याला मान नाही. थोरल्याची जागा रिकामी आहे आणि लोक मला कालपासून विचारतात, अनंत काय म्हणता? मी काय सांगू? तुझ्या उत्तराने डोंगर राहणार नाही आणि जाणारही नाही, ते ठरलं. पण तुला सांगावं लागेल. गुडघ्यांमुळे येता येत नसेल तर लिही. दोनांतला एक शब्द. व्हय असेल तर व्हय लिही, मी देवळात तसाच वाचून दाखवेन, माझं त्यात काही घालणार नाही.

आणि पत्राच्या माथ्यावर सातेरीचं नाव लिहू नकोस. खाली तुझं लिही.

सगुण